शाबासकी न देण्याचं काम

सकाळी ७.१५

आजची पहिली अपॉइंटमेंट साडेसातची. एवढ्या सकाळी कोण येतं बाई तुमच्याकडे, असं शेजारच्या काकू अधूनमधून विचारतात. ज्यांना नऊ वाजता ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायचं असतं, त्या येतात.

माझं क्लिनिक पुण्यात, एरंडवण्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर. दोन खोल्या आणि मागे ओटा, गॅस, चहाचं सामान. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. औषधं लिहून देत नाही, ते सायकियाट्रिस्टचं काम. माझ्याकडे येणाऱ्यांत आता एक ठरावीक वर्ग वाढलाय: डॉक्टर, सीए, आयटीतल्या डिलिव्हरी मॅनेजर, प्राध्यापक, स्पर्धा परीक्षेतून वर आलेल्या अधिकारी. शाळेत पहिल्या, बारावीला बोर्डात, पुढे कुठेही अडल्या नाहीत. यांच्याबद्दल काळजी करावी असं घरात कुणाच्या मनातही येत नाही. पुढे ज्या भेटतील त्यांतली कुणीही एक खरी व्यक्ती नाही. दोघीतिघींचं मिळून एकीचं केलंय, गाव-पेशा बदललाय.

७.३०

सर्जनबाई वेळेच्या दोन मिनिटं आधी हजर. पर्सच्या बंदाला एक सुटी दोरी आहे, तिच्यावर बोलता बोलता त्यांची बोटं गाठ मारतात आणि सोडतात. एका हाताची, शस्त्रक्रियेतली गाठ. त्यांना ते कळतही नाही.

तक्रार झोपेची. ऑपरेशन उत्तम होतं, पेशंट वॉर्डात जातो, आणि रात्री दोन वाजता या रेसिडेंटला फोन करून ड्रेनमध्ये किती आलं ते विचारतात. परवाची केस अवघड होती, निभावली. मी विचारलं, कशामुळे निभावली? "ॲनेस्थेटिस्ट चांगला होता. पेशंट बारीक होता. नशीब, दुसरं काय."

आणि बिघडलं असतं तर?

"तर माझी चूक." हे उत्तर मात्र विचार न करता आलं.

यश नशिबाच्या खात्यावर आणि अपयश स्वतःच्या, ही हिशेबाची पद्धत मी रोज बघते. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एका निबंधात ती पहिल्यांदा नीट मांडली आणि तिला 'इम्पोस्टर फिनॉमिनन' म्हटलं. पदव्या आहेत, पद आहे, सहकाऱ्यांचा मान आहे, तरी आपण सगळ्यांना फसवून इथवर आलो आणि एक दिवस उघडे पडणार, अशी आतली खात्री. लोक याला सर्रास 'सिंड्रोम' म्हणतात. त्या दोघींनी तसं म्हटलं नव्हतं आणि आजारांच्या अधिकृत याद्यांतही तो नाही.

बाहेर समज असा की अशा बाईला विश्वास द्यावा, 'तुम्ही किती हुशार आहात' म्हणावं. त्याचा काडीचा उपयोग नाही. कौतुक करणारा हा फसलेल्यांच्या यादीतला आणखी एक, एवढंच ती मनात नोंदवते. मी म्हटलं 'केवढं मोठं ऑपरेशन!' की मीही त्या यादीत गेले. म्हणून इथे शाबासकी बंद.

दुसरी अडचण जास्त नाजूक. सर्जनने दोनदा तपासून बघणं हा गुण आहे, आणि तो काढून घेण्याचा मला हक्क नाही. माझंही पोट उद्या कुणीतरी उघडणार असेल, तर मला अशीच सर्जन हवी. त्यामुळे आम्ही 'काळजी कमी करा' या रस्त्याने जात नाही. कुठला फोन पेशंटसाठी आणि कुठला स्वतःसाठी, एवढंच वेगळं काढतो. साडेदहाचा फोन पेशंटसाठी; त्यावर काही बदलायचं तर बदलता येतं. दोनचा? त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोनला रेसिडेंट मला धीर देतो. त्याची झोप मोडून." पुढच्या आठवड्यात दोनचा फोन करायचा नाही आणि ती अस्वस्थता पडल्या पडल्या सोसायची, असं त्यांनीच ठरवलं. वॉर्डातून फोन आला तर उचलायचाच, हेही.

९.००

नोंदी. चहा. दोन फोन.

त्यातला एक कुणाच्या तरी यजमानांचा. "मॅडम, मिसेस तुमच्याकडे येतात ना? घरी फार चिडते हल्ली. जरा शांत राहायला शिकवा." माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही हे मी कुणालाच सांगत नाही, असं मी सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्कच आहे, आणि नवऱ्यासाठी त्यात आपोआप उघडणारी खिडकी नाही. ते गृहस्थ वाईट नव्हते. फक्त, बायको चिडते ती बिघाडामुळे आणि बिघाड दुरुस्त करून मिळतो, अशी त्यांची समजूत होती.

१०.३०

नवी क्लायंट. हिंजवडीतल्या कंपनीत मॅनेजर, वय अडतीस, दोन मुलं. वही घेऊन आलेली, वहीत अजेंडा. बसायच्या आत प्रश्न: "एचआरला कळणार नाही ना?" नाही. "साधारण किती सेशनमध्ये रिझल्ट दिसतो?" आणि तिसरा, ज्यासाठी ती खरी आली होती: "मला पाच तासांची झोप पुरेल आणि सकाळी फ्रेश वाटेल, असं काही शिकवता येईल का?"

हा प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत माझ्याकडे सारखा येतो. चिडचिड न करता सगळं करायला शिकवा. मीटिंगमध्ये रडू येतं ते बंद करा. थोडक्यात, मला पूर्ववत करा म्हणजे मी परत जुंपून घेईन. मी ठरवलं तर श्वासाचे व्यायाम, वेळेचं नियोजन, याद्या करायच्या युक्त्या देऊन तिला आणखी दोन वर्षं ढकलता येईल. तिला बरंही वाटेल आणि माझं नाव होईल. पण तिच्या पाठीवरचं ओझं तसंच राहील आणि ते नीट वाहायला मदत करणाऱ्यांत माझी भर पडेल. या कामात माझं एकच म्हणणं आहे, की मी तिची कार्यक्षमता वाढवायला इथे बसलेली नाही.

आधी नैराश्य तपासायची प्रश्नावली. पीएचक्यू-९: नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. हुशार बायका हा फॉर्म भराभर भरतात आणि नवव्या प्रश्नाशी हसतात. मरून जावंसं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटतं का, असा तो प्रश्न आहे. "छे हो, एवढा वेळ कुणाला आहे!" या हसण्यावर मी जात नाही. पुन्हा, सरळ शब्दांत विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हिच्या बाबतीत उत्तर खरंच 'नाही' होतं. पण झोप, थकवा आणि भूक या तिन्ही ठिकाणी गुण होते, म्हणून रक्त तपासायला सांगितलं: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईला विचार बदलायला सांगणं हा शुद्ध अन्याय.

मग मी तिला कालचा दिवस तासातासाने सांगायला लावला. पाच वाजता गजर. डबे तीन, त्यातला एक बिनतिखटाचा. धाकट्याच्या क्राफ्टसाठी आइस्क्रीमच्या काड्या हव्यात हे रात्री दहाला कळलेलं, त्या सकाळी सातला मिळवल्या. साडेसातला बस. गाडीत बसून पहिला कॉल. संध्याकाळी कुकर, अभ्यास, साडेनऊला अमेरिकेचा कॉल, अकराला कणीक मळून फ्रिजमध्ये. नवरा? "तो मदत करतो." काल काय केली? तिने वहीत बघितलं, जणू तिथे लिहिलेलं असेल. "बिलं भरली. आणि कुत्र्याला फिरवून आणलं."

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. मी हे आकडे तिच्यापुढे ठेवले, कारण आकडा म्हटलं की ही मंडळी ऐकतात. ती म्हणाली, "पण माझं तसं नाही. सासूबाई खूप करतात. मुलं त्याच सांभाळतात. म्हणून तर मला बोलायला तोंड नाही."

हे वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय. सासू छळणारी असली की कहाणी सोपी असते. इथे सासू गुडघेदुखी सोसून नातवंडं बघते, म्हणजे एका बाईचं ओझं दुसऱ्या, जास्त थकलेल्या बाईवर गेलंय, आणि दोघी एकमेकींच्या उपकाराखाली दबून गप्प आहेत. मधल्या माणसाने कुत्रं फिरवून आणलं.

गृहपाठ एकच दिला: काड्या लागणार आहेत हे लक्षात कोण ठेवतं, त्याची आठवडाभर नोंद. काम कोण करतं त्याची नाही, लक्षात कोण ठेवतं त्याची. तिने लगेच विचारलं, "एक्सेलमध्ये करू?" मी म्हटलं, कागदावर, पेन्सिलीने, आणि एखादा दिवस राहिला तर राहू द्या. ते शेवटचं तिला अजिबात आवडलं नाही.

१२.००

एक सीए, जुनी क्लायंट. हिच्याबरोबर मी बरंचसं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. मराठी माणसाला ही पद्धत परकी नाही, याचं श्रेय कि. मो. फडके यांना. त्यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि त्यांचा विचार मराठीत आणला. गाभा असा, की उत्तम काम करण्याची इच्छा माणसाला दुखवत नाही. ते उत्तम झालंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाची, हा हट्ट दुखवतो. आणि हट्ट नुसत्या चर्चेने जात नाही, तो प्रत्यक्ष मोडून बघावा लागतो. एलिस स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला घाबरत, म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी महिनाभर ठरवून बोलत राहिले. काहींनी वाटेला लावलं, आणि आकाश कोसळलं नाही.

माझ्या क्लायंटला बागेत पाठवण्याची गरज नव्हती. तिच्यासाठी गौरी जेवण्याचा दिवस पुरेसा होता. दरवर्षी ऑडिटच्या धामधुमीत रात्र जागून पुरणपोळ्या ती स्वतः करते. गृहपाठ: यंदा विकत आणायच्या, आणि कुणी विचारलंच तर 'विकतच्या आहेत' असं सरळ सांगायचं. कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही.

आज तिने अहवाल दिला. पोळ्या आणल्या, वाढल्या, संपल्या.

"मग? कोण काय म्हणालं?"

"कुणी काही विचारलंच नाही." आणि तिचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मी रात्री दोनपर्यंत पुरण वाटत बसले, आणि कुणाला फरकच कळला नाही!"

मी अपेक्षा धरली होती सुटकेची, आला राग. आणि तो योग्य जागी आला होता. तिला वाटायचं घराला ते हवंय. घर ते खाऊन मोकळं होत होतं. आमचा उरलेला पाऊण तास त्या रागावरच गेला. घाईने तो शांत करणं सोपं होतं. पण या बायकांना राग येणं हीच किती मोठी प्रगती असते, हे त्यांच्या यजमानांना फोनवर कसं सांगावं?

१.३०

डबा. पंधरा मिनिटं आडवी. फोन बंद.

२.३०

पीएच.डी. करणारी मुलगी, मराठवाड्यातली, घरातली पहिली पदवीधर. हिला मी 'तू' म्हणते, ती मला ताई. इथल्या एका नामांकित संस्थेत आहे. सेमिनारआधी हात गार पडतात, आपण इथल्या नाही असं वाटतं.

इथे सकाळचा तो १९७८ चा निबंध जपून वापरावा लागतो. त्या दोघींनी अभ्यासलेल्या दीडशेहून अधिक बायका बहुतांशी गोऱ्या, मध्यम आणि उच्च मध्यमवर्गीय होत्या. 'मी इथली नाही' हे त्यांच्या आतून येत होतं. हिला ते बाहेरून सांगितलं गेलंय. पहिल्याच आठवड्यात लॅबमधल्या एकाने रँक विचारली, मग आडनावाचं गाव विचारलं, मग 'अच्छा' म्हणाला. याला मी विचारातला दोष म्हटलं, तर मीही त्या 'अच्छा'च्या बाजूची झाले.

म्हणून कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला लोकांनी प्रत्यक्ष जे म्हटलं, केलं ते: तारीख, कोण होतं, शब्द काय होते. त्याचं पुढे काय करायचं, संस्थेच्या कक्षाकडे लेखी द्यायचं की गाइडशी बोलायचं, हा वेगळा निर्णय, आणि तिचा. दुसऱ्या बाजूला, ते ऐकून ती स्वतःला जे म्हणते ते. माझं काम या दुसऱ्या बाजूवर. आणि तिथे क्लान्स-आइम्स यांचा एक उपाय फार कामाचा आहे: ज्यांना आपण फसवलं असं वाटतं त्या एकेकाला समोर कल्पून सांगायचं, 'मी तुम्हाला फसवलं', आणि तो काय उत्तर देईल ते बोलून दाखवायचं. हिने निवड समितीतल्या एका कडक प्राध्यापिकेला खुर्चीत बसवलं. स्वतः उठून त्या खुर्चीत बसली, आणि त्यांच्या आवाजात म्हणाली, "तीस वर्षं मी मुलाखती घेतेय. मला फसवण्याइतकी तू हुशार आहेस, असं वाटतं तुला?" मग दोघी हसत सुटलो.

जाताना तिने फोनवर फोटो दाखवला. गावच्या स्टँडवर तिच्या नावाचा फ्लेक्स: 'गावची शान'. "ताई, आता सोडताही येणार नाही," म्हणाली. सोडायचंय असं नव्हतं तिचं. सोडता येणार नाही, एवढंच खुपत होतं.

आनंदीबाई जोशींचं चरित्र मी अशा मुलींना प्रेरणा म्हणून कधी सुचवत नाही. १८८६ ची फिलाडेल्फियाची पदवी सगळ्यांना पाठ असते. १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत ती क्षयाने गेली, हे आपण 'दुर्दैवाने' असं एक क्रियाविशेषण लावून उरकतो.

४.००

महिन्यातून एकदा मी माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंकडे सुपरव्हिजनला जाते. चांगल्या थेरपिस्टलाही कुणीतरी हवं असतं. आजचा विषय: या क्लायंट थेरपिस्टला फार आवडतात. वेळेवर येतात, गृहपाठ करतात, आपलं बोलणं पुढच्या वेळी शब्दशः सांगतात. आपल्याला वाटतं, वा, छान चाललंय. बाई म्हणाल्या, "ती बरी होतेय की तुला खूश ठेवतेय, ते बघ. तुझ्यावर रागावली की नाही अजून?"

५.३०

आज गुरुवार, म्हणजे गट. सहा जणी. क्लान्स-आइम्स यांनीही गटाचीच शिफारस केली होती, कारण स्वतःचं यश नशिबाचं म्हणणारी बाई दुसरीचं तेच बोलणं ऐकून ताडकन म्हणते, "अहो, काहीतरीच काय!" गटात आडनाव सांगायचं नाही, ऑफिस सांगायचं नाही. तरी हे पुणं आहे; कुणीतरी कुणाच्या तरी मामेबहिणीची वर्गमैत्रीण निघतेच. तेव्हा ते उघड बोलून, दोघींना चालेल का विचारून पुढे जातो.

आज तालुक्याचा कारभार बघणारी अधिकारी सांगत होती, की प्रत्येक फाइल ती तीनदा वाचते, रात्री घरी नेते, कारण 'कुणी म्हणायला नको, बाई होती म्हणून राहिलं'. समोर निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माझ्या निरोप समारंभात अकरा भाषणं झाली. सगळ्यांनी सांगितलं, बाईंनी एकही रजा घेतली नाही. मी खाली बसून आठवत होते, की त्या रजा घेतल्या असत्या तर मी काय केलं असतं. काही आठवेना."

अधिकारीबाईंनी काही लिहून घेतलं नाही. एरवी त्या सगळं लिहून घेतात.

८.००

शेवटचं सेशन ऑनलाइन. बंगळुरूला असलेली, मूळची सांगलीची, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मराठीतून रडता यावं म्हणून माझ्याकडे येते, असं तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. अद्याप रडलेली नाही. आज तिने विषय काढला तो अप्रायझलचा: सगळीकडे 'अपेक्षेपेक्षा सरस', एका रकान्यात फक्त 'अपेक्षेप्रमाणे', आणि चार दिवस तो एकच रकाना डोळ्यांपुढे. आम्ही त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. घरी चौथीत पंचाण्णव मार्क दाखवल्यावर बाबा हसून 'उरलेले पाच कुठे ठेवलेस?' असं विचारायचे, तिथवर पोचलो. बाबा प्रेमळ होते, हे तिने दोनदा सांगितलं. मला ते पटतं. तो प्रश्न गमतीत विचारलेला असतो, म्हणूनच त्याला उत्तर देता येत नाही.

वेळ संपायला पाच मिनिटं असताना ती कॅमेऱ्याजवळ आली.

"मॅडम, एक विचारू? तुमच्याकडे माझ्यासारख्या खूप येत असतील. त्यात मी कशी आहे? म्हणजे, अवघड आहे का?"

"नाही. साधारण आहात."

ती बघतच राहिली. मग चेहऱ्यावर चक्क राग दिसला, लपवायच्या आत.

"साधारण म्हणजे?"

"पुढच्या गुरुवारी इथूनच सुरू करू," मी म्हटलं. तिने वहीत लिहून घेतलं.